जंतूंची चाहूल

हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथ येथील देवळाविषयीं एक कथा मराठी घरांतून पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. नामदेव देवळासमोर कीर्तन करीत असतां त्यांना तेथून उठविण्यांत आलें. ते मुकाट्यानें देवळाच्या पाठीमागें जाऊन उभे राहिले, आणि मग देऊळच फिरलें व त्यानें आपलें तोंड नामदेवांकडे केलें, अशी ती कथा आहे. त्याच औंढा तालुक्यांत, दुधाळा गांवाच्या परिसरांत, हल्लीं एका प्रचंड यंत्राची उभारणी हातीं घेण्यांत आली आहे. भारत सरकारनें १७ फेब्रुवारी २०१६ रोजीं त्यास तत्त्वतः मान्यता दिली, एप्रिल २०२३ मध्यें सुमारें २६०० कोटि रुपयांच्या खर्चास अंतिम मंजुरी मिळाली, आणि ११ मे २०२३ रोजीं त्याची कोनशिला बसली. या यंत्राचें नांव लायगो-इंडिया. देऊळ फिरलें कीं नाहीं हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. परंतु चार किलोमीटर लांबीच्या नळीच्या टोकाशीं टांगलेला आरसा हलला कीं नाहीं, आणि हललाच तर किती, एवढा एकच प्रश्न हें यंत्र वर्षानुवर्षें विचारीत राहणार आहे.

हें हलणें किती सूक्ष्म असावें? अमेरिकेंतील अशाच दोन यंत्रांनीं १४ सप्टेंबर २०१५ रोजीं जी गुरुत्वीय लहर प्रथम टिपली, ती सुमारें १३० कोटि प्रकाशवर्षें दूर असलेल्या दोन कृष्णविवरांच्या मीलनांतून निघाली होती. आणि पृथ्वीवर पोंचेपर्यंत ती इतकी क्षीण झाली होती कीं आरशांमधील अंतरांत तिनें घडविलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाहूनहि शेंकडों पटींनीं लहान होता. तो मोजला गेला तो प्रकाशाच्या साह्यानें. लेसरचा एक किरण दुभंगून दोन दिशांना पाठवावयाचा, आरशांवरून परत आणावयाचा, आणि दोन्ही भाग पुन्हां एकत्र करावयाचे. विहिरींत दोन खडे टाकले असतां दोन्ही तरंग एकमेकांत मिसळून कोठें पाणी उंचावतें, कोठें सपाट राहतें, तसाच हा प्रकार. एक आरसा तिळमात्र सरकला तरी प्रकाशाच्या तरंगांचा मेळ बिघडतो, आणि जेथें अंधार होता तेथें उजेड दिसूं लागतो.

ज्या घरांत तापानें फणफणलेला रोगी निजला आहे त्या घराला कृष्णविवरांशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील तर तो प्रश्न रास्तच म्हटला पाहिजे. परंतु प्रकाशानें हालचाल मोजण्याची हीच युक्ति, चार किलोमीटरच्या ऐवजीं केंसाहूनहि बारीक जागेंत बसविली, तर तिच्यानें एक निराळाच प्रश्न विचारतां येतो, आणि तो रोग्याच्या उशाशीं बसलेल्या माणसाला फार जवळचा आहे. अमुक जंतु अमुक औषधानें मेला कीं अद्यापि जिवंत आहे, हा तो प्रश्न.

समजा, सेनगांव तालुक्यांतील एका स्त्रीला मूत्रमार्गाचा दाह होऊन थंडी वाजून ताप आला. ती हिंगोलीस आली, डॉक्टरांनीं तपासलें, मूत्राचा नमुना घेतला. आतां पुढें काय होतें? नमुना एका चपट्या कांचपात्रांतील पौष्टिक थरावर पसरतात आणि तें पात्र उबेंत ठेवितात. जंतु एकाचे दोन, दोनाचे चार असे वाढूं लागतात. आंतड्यांत राहणारा ई-कोलाय हा जंतु अनुकूल स्थितींत सुमारें वीस मिनिटांत दुणावतो. तरी डोळ्यांना दिसतील असे त्यांचे ठिपके उमटावयास एक रात्र जाते. मग त्यांतील जंतु उचलून नव्या पात्रांत पसरावयाचे, त्यावर निरनिराळ्या औषधांत भिजविलेल्या कागदाच्या लहान चकत्या ठेवावयाच्या, आणि पुन्हां एक रात्र वाट पाहावयाची. ज्या चकतीभोंवतीं जंतु उगवले नाहींत, मोकळें वर्तुळ राहिलें, तें औषध लागू. ज्या चकतीच्या अगदीं कांठापर्यंत जंतु निर्धास्त माजले, तें व्यर्थ. पद्धति सोपी आहे, स्वस्त आहे, विश्वासू आहे. हळद शिजविण्या-वाळविण्यासारखीच तिलाहि घाई चालत नाहीं. परंतु दोन-तीन दिवस रोगी थांबत नाहीं, आणि रोग तर मुळींच थांबत नाहीं. त्या मधल्या काळांत डॉक्टरांनीं काय करावें? ते अनुभवानें अंदाज बांधतात आणि एखादें प्रबळ औषध देतात. अंदाज बरोबर ठरला तर उत्तम. चुकला, आणि जंतु रक्तांत उतरला, तर गेलेले तास परत आणतां येत नाहींत.

या अंदाजाची दुसरीहि किंमत आहे, आणि ती सेनगांवच्या त्या स्त्रीला एकटीला द्यावी लागत नाहीं. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं १९४५ सालीं नोबेल पारितोषिक स्वीकारतांना केलेल्या भाषणांतच सांगून ठेविलें होतें कीं अपुरी मात्रा घेणारा मनुष्य जंतूंना मारीत नाहीं, त्यांना औषध पचवावयास शिकवितो. हिंदुस्थानांत पेनिसिलिन करण्यासाठीं पुण्याजवळ पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षीं तेथून औषध बाहेर पडूं लागलें. त्या काळीं ज्या मुलांचे जीव त्या पांढऱ्या पुडीनें वांचले, त्यांचीं नातवंडें आज अशा जंतूंच्या जगांत राहतात, ज्यांच्यापुढें पेनिसिलिन तर राहोच, त्यानंतरचीं कित्येक औषधेंहि हात टेकतात. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयांतील वैद्यांनीं २०१० सालीं प्रसिद्ध केलेल्या एका लहानशा निबंधांत कार्बापेनेम या राखीव ठेविलेल्या औषधासहि न जुमानणारे २४ जंतु तपासले होते. त्यांपैकीं २२ जंतूंत एन. डी. एम.-१ हें प्रतिकाराचें जनुक सांपडलें. जगाचा हिशेब पाहिला तर २०१९ या एका वर्षांत औषधांस न जुमानणाऱ्या जंतूंमुळें प्रत्यक्ष ओढवलेले मृत्यु सुमारें १२ लाख ७० हजार होते, असा अंदाज १९२२ नव्हे तर २०२२ सालीं, म्हणजे अगदीं कालपरवां, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. वर्षाचा उच्चार मुद्दाम केला. कारण हे आंकडे ऐकतांना मन त्यांना पटकीच्या आणि प्लेगच्या जुन्या काळांत ढकलूं पाहतें.

सरकारनें उपाय योजले नाहींत असें नाहीं. १ मार्च २०१४ पासून कित्येक प्रबळ औषधांच्या विक्रीची नोंद औषधविक्रेत्यानें स्वतंत्र वहींत ठेवावी असा नियम लागू झाला. परंतु अंदाजानें औषध देणें हा जेथें डॉक्टरांचाच नाइलाज आहे, तेथें विक्रेत्याच्या वहीनें किती काम व्हावें? नाइलाज दूर करावयाचा तर दोन दिवसांचें उत्तर दोन तासांत मिळालें पाहिजे.

तें कसें मिळवावें? येथें पुन्हां नामदेवांचीच आठवण होते, आणि ती अस्थानीं नाहीं. हिंगोली जिल्ह्यांतील नरसी हें नामदेवांचें जन्मस्थान मानलें जातें. संतमंडळी जमली असतां गोरोबाकाकांनीं आपलें थापटणें घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिलें आणि नामदेवांचें मडकें कच्चें ठरविलें, मग नामदेव विसोबा खेचरांकडे औंढ्यास गेले, ही गोष्ट कोणा मराठी मुलाला ठाऊक नाहीं? कुंभार मडकें फोडून पाहत नाहीं, वाजवून पाहतो. आंत काय आहे तें आवाज सांगतो. जंतूंच्या बाबतींत शास्त्रज्ञांनीं हीच गोष्ट केली. फरक इतकाच कीं येथें थापटणें कोणी मारीत नाहीं. जंतु स्वतःच मारतो.

स्वित्झर्लंडमधील लोझान येथील तंत्रशास्त्र विद्यापीठांत सँडोर कसास, जोव्हानी डीट्लर आणि त्यांचे सहकारी यांनीं २०१३ सालीं हा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनीं घेतलेली वस्तु म्हणजे एका बाजूनें पक्की धरलेली आणि दुसऱ्या बाजूनें मोकळी असलेली एक अतिसूक्ष्म पट्टी. पोहण्याच्या तलावावर उडी मारण्यासाठीं फळी असते, तिचें हें पराकाष्ठेचें लहान रूप. लांबी मिलिमीटरच्या पंचमांशाच्या आसपास, आणि जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनहि कमी. अशा पट्ट्या नव्या नव्हत्या. १९८६ सालीं बिनिग, क्वेट आणि गर्बर यांनीं अणुबल-सूक्ष्मदर्शक नांवाचें जें यंत्र बनविलें, त्याचें बोट म्हणजेच ही पट्टी. लोझानच्या मंडळींनीं त्या बोटावर जंतु चिकटविले. जिवंत जंतु स्वस्थ बसत नाहीं. तो अन्न आंत ओढतो, मळ बाहेर टाकतो, अंगावरील शेपट्या फिरवितो, फुगतो, आखडतो. या सर्व खटाटोपाचे धक्के पट्टीस बसतात आणि ती नॅनोमीटरच्या मापानें थरथरते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. माणसाच्या एका केंसाच्या जाडींत असे सत्तर-ऐशीं हजार नॅनोमीटर सहज मावतात.

इतकी थरथर दिसावी कशी? ज्यानें लहानपणीं हातांत आरसा धरून समोरच्या भिंतीवर उन्हाचा कवडसा नाचविला आहे, त्याला हें समजावून सांगावयास नको. मनगट किंचित् वळलें तरी कवडसा भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धांवतो. पट्टीच्या पाठीवर लेसरचा किरण टाकतात आणि परावर्तित झालेला ठिपका दूरच्या प्रकाशमापकावर घेतात. पट्टी हलते थोडी, ठिपका हलतो पुष्कळ. आतां पट्टीभोंवतालच्या पाण्यांत प्रतिजैविक सोडावयाचें. औषध लागू असेल तर कांहीं मिनिटांतच थरथर मंदावते आणि पट्टी निश्चल होते. जंतु औषधास दाद देत नसेल तर क्षणभर बिचकल्यासारखा होऊन तो पुन्हां आपल्या उद्योगास लागतो, आणि पट्टी थरथरतच राहते. जंतु वाढण्याची वाट पाहावयास नको, दुणावण्याची नको. तो जगला कीं मेला एवढेंच पाहावयाचें. जेथें एक-दोन दिवस लागत तेथें अर्ध्या तासाच्या आंत उत्तर आलें.

या प्रयोगांत एक गोष्ट मोठी मौजेची निघाली. ई-कोलायला शेपट्या असतात. तेव्हां त्याच्या थरथरण्याचें आश्चर्य नाहीं. परंतु गळवें-फोड उत्पन्न करणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतु तर वाटोळा गोटा. त्याला ना शेपटी ना पाय. तरीहि पट्टी हलली. जागच्या जागीं बसून केवळ जगणें हीदेखील एक हालचालच आहे, हें त्या गोट्यानें दाखवून दिलें.

पुढें २०२२ सालीं हॉलंडमधील डेल्फ्ट येथें याच्याहि पुढचें पाऊल पडलें, आणि तें रेडिओवरून सांगण्यासारखें आहे, कारण तें कानाचें काम आहे. तेथील संशोधकांनीं पट्टीच्या ऐवजीं ढोल केला. सिलिकॉनमध्यें आठ सहस्रांश मिलिमीटर व्यासाची बारीक खळगी कोरली आणि तिच्यावर ग्राफीनचा पापुद्रा तबल्याच्या पुडीसारखा ताणून बसविला. ग्राफीन म्हणजे कोळशाच्या जातीच्या कार्बन अणूंचा एकेरी थर. येथें असे दोन थर होते, आणि दोहोंची मिळून जाडी एका नॅनोमीटरहून कमी. या ढोलावर एकच जंतु बसविला. त्याच्या शेपट्यांच्या फटकाऱ्यांनीं पुडी साठ नॅनोमीटरपर्यंत हालली. ही हालचाल मोजली ती पुडीवरून आणि खळगीच्या तळावरून परत येणाऱ्या लेसरच्या प्रकाशाच्या मेळावरून, म्हणजे तत्त्वतः ज्या रीतीनें दुधाळ्याचें यंत्र आरशांची हालचाल मोजणार आहे त्याच रीतीनें. मग तें कंपन ध्वनींत रूपांतरित करून ध्वनिक्षेपकावर वाजविलें. एका जंतूचा आवाज मनुष्याच्या कानांनीं ऐकिला. औषध घातल्यावर, जेथें तें लागू होतें तेथें, एक-दोन तासांत तो ढोल थांबला.

हें ऐकून कोणास वाटेल कीं आतां सर्व प्रश्न सुटला. तसें नाहीं. प्रयोगशाळेंतील निवडक जंतु निराळा आणि रोग्याच्या मूत्रांतील, पुवांतील किंवा रक्तांतील जंतु निराळा. तेथें पेशी असतात, मळ असतो, कधीं दोन-तीन जातींचे जंतु एकत्र असतात. रक्तांत तर जंतूंची संख्या इतकी विरळ असते कीं त्यांना आधीं वाढवावें किंवा वेंचून काढावें लागतें, आणि सारा वांचलेला वेळ तेथेंच खर्च होतो. शिवाय अवघें जगच थरथरत असतें. पाण्याचे रेणू पट्टीवर आपटतात, जमीन हलते, शेजारून मोटार जाते. या गोंगाटांतून जंतूची चाहूल निवडून काढणें हें खरें कौशल्य, आणि येथेंहि मोठ्या यंत्राचें व लहान यंत्राचें गोत्र एकच ठरतें. पुण्याच्या आयुका या संस्थेंत संजीव धुरंधर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९० च्या सुमारास, गुरुत्वीय लहर कोणीं पाहिलीहि नव्हती तेव्हां, गोंगाटांत बुडालेली क्षीण लहर गणितानें ओळखण्याच्या रीतींवर परिश्रम केले, ते अशाच अडचणीपोटीं. मात्र एक भेद आहे आणि तो फार अडचणीचा आहे. लायगोसाठीं जागा शोधतांना स्थिर जमीन व वर्दळीपासून दूरची जागा पाहण्यांत आली. रुग्णालय मात्र रस्त्यावरच असावें लागतें. एस. टी. जेथें थांबते तेथें जें यंत्र काम करूं शकत नाहीं, तें हिंगोलीच्या रोग्याला निरुपयोगी.

म्हणून आज प्रत्यक्ष वापरांत असलेली त्वरित परीक्षा निराळ्या मार्गानें आली आहे. ती जंतूचें वर्तन न पाहतां त्याची कुळी पाहते. क्षयाचा जंतु इतका मंद कीं तो पात्रांत वाढावयास कित्येक आठवडे घेतो; तेथें वाट पाहणें म्हणजे घरांतील आणखी दोघांना रोग लागूं देणें होय. गोव्यांतील मोल्बायो या कंपनीनें ट्रूनॅट नांवाचें एक आटोपशीर, विजेच्या साठ्यावर चालणारें यंत्र बनविलें. तें थुंकीच्या नमुन्यांत क्षयजंतूचें जनुकद्रव्य आहे काय, आणि रिफॅम्पिसिन या मुख्य औषधास दाद न देण्याची खूण त्यांत आहे काय, हें कांहीं तासांत सांगतें. जागतिक आरोग्य संघटनेनें त्यास २०२० सालीं मान्यता दिली. यंत्र गार खोलींत ठेवावें लागत नाहीं, ही त्याची थोरवी वरवर लहान दिसते. मराठवाड्याचा उन्हाळा ज्यानें काढला आहे त्याला ती लहान वाटणार नाहीं. परंतु कुळी पाहणाऱ्या परीक्षेची एक मर्यादा आहे. पत्रिकेंत जे दोष लिहिले आहेत तेवढेच तिला वाचतां येतात. जंतूनें प्रतिकाराची नवी युक्ति काढली, जी अद्यापि कोणाच्या यादींत नाहीं, तर कुळी पाहणारा फसतो. वर्तन पाहणारा फसत नाहीं. जंतु थरथरतो आहे, म्हणजे जिवंत आहे. कां जिवंत आहे हें मागाहून शोधतां येईल.

महाराष्ट्रांत सूक्ष्म पट्ट्यांचें काम परकें नाहीं. पवईच्या आय. आय. टी.मध्यें रामगोपाल राव व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हृदयविकाराची रक्तांतील खूण ओळखण्यासाठीं पॉलिमरच्या अशा पट्ट्या तयार केल्या होत्या. तेथेंच सौम्यो मुखर्जी यांच्या गटानें इंग्रजी यू अक्षरासारखा वांकविलेला प्रकाशतंतु घेऊन, त्याच्या वांकावर ई-कोलाय येऊन बसला कीं तंतूंतून जाणाऱ्या प्रकाशांत पडणारा फरक मोजला व तो २०११ सालीं प्रसिद्ध केला. हें केवळ जंतु ओळखण्याचें काम. औषध लागू पडेल कीं नाहीं हें तो तंतु सांगत नाहीं. तरी पिण्याच्या पाण्याच्या परीक्षेस तो मार्ग उपयोगी आहे, आणि गढूळ पाण्याचें दुःख हिंगोलीस वेगळें सांगावयास नको.

वेळेची शर्यत जगभर चालू आहे. ब्रिटनमध्यें २०१४ सालीं जाहीर झालेलें लॉन्जिट्यूड पारितोषिक, ऐशीं लाख पौंडांचें, अखेर २०२४ च्या जूनमध्यें स्वीडनमधील उप्साला येथें विकसित झालेल्या एका यंत्रास मिळालें. तें मूत्रांतील जंतूंना अतिसूक्ष्म पन्हळींत रांगेनें बसवितें, प्रत्येकावर सूक्ष्मदर्शकाची नजर ठेवितें, आणि कोणतें औषध चालेल तें तासाभराच्या आंत सांगतें. दहा वर्षें हें पारितोषिक कोणालाहि मिळालें नव्हतें, यावरूनच प्रश्नाची अवघडता कळते. यंत्राची आणि त्यांत घालावयाच्या एकेका पेटीची किंमत परदेशी दवाखान्यांच्या हिशेबाची आहे, हें मात्र विसरतां येत नाहीं.

त्या दृष्टीनें लोझानच्याच मंडळींचें २०२३ चें काम अधिक आशादायक वाटतें. त्यांनीं पट्टीहि टाकून दिली आणि लेसरहि टाकून दिला. साधा सूक्ष्मदर्शक घेतला, त्यावर कॅमेरा बसविला, जंतु कांचेवर टेकविले, आणि त्यांच्या चित्रांची मालिका घेऊन संगणकाकडून प्रत्येक जंतु चित्रागणिक किती सरकला हें मोजून घेतलें. जंतूचें हलणें डोळ्याला दिसत नाहीं. चित्रें एकावर एक ठेवून केलेल्या गणिताला दिसतें. औषधानें जंतु मेला कीं तें सरकणें मंदावतें. तेथें कोट्यवधींचें यंत्र नाहीं, ग्राफीनचा पापुद्रा नाहीं. सूक्ष्मदर्शक तर तालुक्याच्या गांवींहि असतो. मलेरियाच्या आणि क्षयाच्या तपासणीसाठीं तो कित्येक वर्षें तेथें आहे. पद्धति अद्यापि प्रयोगाच्या अवस्थेंत आहे आणि नित्याच्या वैद्यकांत ती आलेली नाहीं. परंतु उद्यां आलीच, तर ती हिंगोलीपर्यंत पोंचण्यास रस्ता मोकळा आहे. १९९९ सालीं परभणीपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याला २०२४ सालीं स्वतःचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालयहि मिळालें आहे. तेथें शिकून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हातांत जर असा कॅमेरा लावलेला सूक्ष्मदर्शक आला, तर औंढ्याच्या बाजूस मोठें यंत्र आकाशाची थरथर मोजीत असतां, इकडे लहान यंत्र एका थेंबाची मोजीत असेल.

सेनगांवच्या त्या स्त्रीला नमुना देऊन झाल्यावर परतीची एस. टी. धरावयाची असते. घरीं लेंकरें असतात, हळदीचें किंवा सोयाबीनचें काम पडलेलें असतें, एका दिवसाची मजुरी आधींच बुडालेली असते. उत्तर तासाभरांत आलें तर ती बांकावर बसून राहील आणि योग्य औषध पिशवींत घालून संध्याकाळच्या गाडीनें परत जाईल. तिसऱ्या दिवशीं या, असें सांगितलें, आणि मधल्या दोन दिवसांत अंदाजाच्या गोळ्यांनीं ताप थोडा उतरला, तर ती बहुधा येणारच नाहीं.